अनुभव धागा : फिलिपिन्समधल्या गावाकडचा फिएस्ता

एप्रिल संपत आला की आमच्या अबुधाबीच्या ऑफिसातली बोहोलची मंडळी रजेच्या तारखांवरून आपापसांत कुरकुरायला लागतात. बोहोल हे फिलिपिन्सच्या मधल्या भागातलं बेट. तिथे मे महिन्यात एक दिवस असा जात नाही की कुठल्या ना कुठल्या गावात फिएस्ता नाही. १ तारखेला तगबिलारानला सुरुवात होते आणि महिनाभर हे गाव नाही तर ते गाव, असं चालूच. स्पॅनिश लोकांनी या देशावर तीनशेहून जास्त वर्षं राज्य केलं आणि गावागावाला एकेक संत नेमून दिला. गावाचा वेगळा, गावातल्या बरांगायचा, म्हणजे वाडीचा वेगळा. त्या संताच्या दिवशी फिएस्ता. आधी नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे रोजची प्रार्थना, आदल्या दिवशी बिस्पेरास, मग मिस्सा, मिरवणूक, बँड, आणि त्यानंतर दिवसभर प्रत्येक घराचं दार उघडं. ओळख असो नसो, रस्त्याने जाणाऱ्याला हाक मारून जेवायला बसवतात.

आपली मराठी माणसं या लोकांच्या शेजारी बरीच राहिली आहेत. जहाजांवर, आखातातल्या हॉस्पिटलांत, लोस बान्योसच्या भात संशोधन संस्थेत, दावाओच्या मेडिकल कॉलेजात. काहींची सासुरवाडीच तिकडची. रजा नामंजूर झाली की या मंडळींचं मे महिन्यात काय होतं ते मी दरवर्षी बघते. ज्या गावासाठी ती इतकी झुरतात ते गाव ज्यांनी पाहिलंय, किंवा ते झुरणं ज्यांनी जवळून पाहिलंय, त्यांनी इथे लिहावं.

सिनुलोग, दिनाग्यांग वगैरे टीव्हीवर दिसणारे शहरी सोहळे नकोत. आपल्या जत्रेशी तुलनाही शक्यतो टाळा, त्यावर भरपूर लिहून झालंय. काय खाल्लं, कोणी बोलावलं आणि खर्च कोणी केला, एवढं मात्र जरूर सांगा. तिसऱ्या प्रश्नात मला जास्त रस आहे.

लोस बान्योस, ऐंशीचं दशक (सध्या पुणे)

आमचे हे इरीत होते. आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था, १९६० साली सुरू झालेली. स्वामिनाथन तिथे महासंचालक होते त्या काळातली ही गोष्ट. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई लुकबानच्या, बनाहाव डोंगराच्या पायथ्याचं गाव. तिथला १५ मेचा पाहियास, म्हणजे तिथला फिएस्ता, आता जगप्रसिद्ध आहे, बसेस भरभरून लोक येतात. आम्ही गेलो ते ताईंच्या घरचे पाहुणे म्हणून.

तिथला संत सान इसिद्रो, शेतकऱ्यांचा. माद्रिदजवळ दुसऱ्याच्या शेतावर राबणारा हा मजूर प्रार्थनेत गुंगला की देवदूत येऊन त्याचा नांगर धरत, अशी कथा. मग त्याला दाखवायला अख्खं गाव आपली शेती घराच्या दर्शनी भिंतीवर टांगतं. भाताच्या लोंब्या, मुळे, वांगी, चवळीच्या हातभर शेंगा, केळीचे घड. आणि या सगळ्याच्या मधून किपिंगचे, म्हणजे तांदळाच्या रंगीत पापड्यांचे, झुंबरासारखे घोस, लाल, पिवळे, हिरवे, गुलाबी.

किपिंग कसं करतात ते मी त्यांच्या मागच्या पडवीत बसून पाहिलं. तांदूळ भिजवून बारीक वाटायचा, त्यात रंग घालायचा, आणि एका विशिष्ट झाडाच्या रुंद ताज्या पानावर ते वाटण पातळ पसरायचं. मग पान वाफेवर. गार झालं की अशा पानांची चळत वजनाखाली दाबून ठेवायची, वाळली की पानावरून अलगद सोडवायची. पानाची शिरन् शिर त्यावर उठलेली असते. आमच्या आजोळी तांदळाच्या फेण्या पानावर उकडत, हुबेहूब तीच रीत! मी ताईंना म्हटलं, आम्ही हे खातो. त्या म्हणाल्या, आम्हीही खातो की, आधी मिरवणूक जाऊ दे.

आता खर्चाचं. मिरवणुकीचा मार्ग दरवर्षी बदलतो, म्हणजे सजावटीची पाळी गल्लीगल्लीतून फिरत राहते. आम्ही गेलो त्या वर्षी ताईंच्या गल्लीची पाळी होती. सगळा पैसा त्यांच्या थोरल्या मुलीचा, ती हाँगकाँगला एका घरात मोलकरीण होती. ती अर्थातच आलेली नव्हती. पहिल्या मजल्याच्या खिडकीत, मुळ्यांच्या आणि किपिंगच्या मधोमध तिचा पासपोर्टवरून मोठा केलेला फोटो लावला होता. परीक्षक आले तेव्हा ताईंनी त्यांना आधी तो फोटो दाखवला, मग सजावट.

जेवायला पनसित हबहब. केळीच्या पानाच्या तुकड्यावर नूडल्स, वर व्हिनेगर शिंपडलेलं, आणि चमचा नाही, काटा नाही, हातही लावायचा नाही. पान उचलून थेट तोंडाला लावायचं. आमच्या ह्यांचा शर्ट कामातून गेला. मी मांस खात नाही म्हणून माझा वेगळा केला होता, त्यात कोलंबी निघाली. त्यांच्या हिशेबी कोलंबी म्हणजे जवळपास भाजीच.

इरीवालेच, पण नंतरचे

वरच्या काकूंना अनुमोदन. त्याच दिवशी शेजारच्या तायाबासला जाऊन बघायला हवं होतं. तिथे सान इसिद्रोची मिरवणूक जाताना लोक घरांतून सुमान फेकतात. नारळाच्या पानात गुंडाळून शिजवलेला चिकट भात. मऊ असेल या भ्रमात राहू नये, कपाळाला लागला की कळतं. अनुभवी बायका छत्री उलटी धरून उभ्या राहतात आणि मिरवणूक संपली की आठवड्याची न्याहारी घेऊन घरी जातात.

दापोली, मर्चंट नेव्ही

बल्क कॅरियरवर सेकंड इंजिनिअर आहे. आमचा फिटर बोहोलचा, वयाने माझ्या काकाएवढा. धागाकर्तीने बोहोलचं नाव काढलं म्हणून लिहितो, एरवी मी वाचनमात्र.

फिलिपिनो खलाशाचं काँट्रॅक्ट साधारण नऊ महिन्यांचं. आमचा फिटर जहाजावर चढायची तारीख अशी साधायचा की उतरणं एप्रिलमध्ये यावं. म्हणजे जुलैच्या मागेपुढे चढायचं. त्याआधी बोलावणं आलं तर पोरगं आजारी, सासू आजारी, छप्पर गळतंय. एजंटालाही हे सगळं पाठ असतं, कारण त्याचंही एक गाव असतं आणि त्या गावाचाही एक संत.

पैशाचं विचाराल तर त्यांच्या सरकारचा नियमच आहे की खलाशाच्या मूळ पगारातले किमान ८० टक्के दरमहा घरी गेलेच पाहिजेत. त्यामुळे घर चालतं, पण फिएस्ता त्यात बसत नाही. तो ओव्हरटाइमचे डॉलर वेगळे ठेवायचा, वर्कशॉपच्या कपाटात, गॅस्केटच्या कागदात गुंडाळून. ते कशासाठी हे सगळ्या क्रूला माहीत. उधार मागायची कोणाची छाती नव्हती.

२०२० च्या एप्रिलमध्ये तो उतरायचा होता. कोविडमुळे क्रू चेंज ठप्प. त्या वर्षी जगभरात सुमारे ४ लाख दर्यावर्दी काँट्रॅक्ट संपूनही जहाजांवर अडकले, त्यांत आम्हीही. तिकडे गावात मिरवणूक बंद, चार माणसांनी जमायला बंदी. आमच्या कॅप्टनने त्याला समजावलं, "अरे, तू घरी असतास तरी यंदा फिएस्ता नव्हताच." फिटरने हातातला पाना खाली ठेवला आणि काही न बोलता वर डेकवर गेला. कॅप्टन पंजाबी, माणूस चांगला, पण त्याला शेवटपर्यंत कळलं नाही की आपण चुकीचं काय बोललो.

१५ मेला, त्याच्या गावच्या सान इसिद्रोच्या दिवशी, जहाज हिंदी महासागरात होतं. चीफ कुक इलोइलोचा. मागच्या पूप डेकवर तेलाचं पिंप उभं चिरून त्याची भट्टी केली, सिंगापूरला स्टोअर्समध्ये घेतलेलं अख्खं गोठवलेलं डुक्कर दोन दिवस आधी बाहेर काढलं होतं. कचऱ्याच्या रंगीत पिशव्या त्रिकोणी कापून बांदेरितास, म्हणजे पताका, दोरीवर लावल्या. आणि फिटरने लेथवर एक वीतभर सान इसिद्रो घडवला. बाबा रे, काय तो नमुना! अंग पितळी रॉडचं, टोपी वॉशरची, शेजारी पातळ पत्र्यातून कापलेला नांगर आणि रेडा. रेड्याची शिंगं वेल्डिंग रॉडची होती, ती दोनदा तुटली आणि दोनदा त्याने परत लावली.

जहाजावर ऑफिसर्स मेस वेगळी, क्रू मेस वेगळी. एकमेकांच्या मेसमध्ये कोणी जात नाही. त्या दिवशी फिटर अकोमोडेशनच्या दाराशी उभा राहिला आणि ड्यूटीवरून येणाऱ्या प्रत्येकाला, "मांगाओन ता, मांगाओन ता" म्हणत मागच्या डेकवर पाठवू लागला. चला जेवायला. कॅप्टन आला, त्यालाही तेच. आम्ही पाहुणे आणि तो यजमान, असा हिशेब होता त्याचा. वर्कशॉपमधल्या गॅस्केटच्या पुडीतले पैसे त्याने चीफ कुकला देऊ केले होते, कुकने घेतले नाहीत, त्यावरून दोघांचं कडाक्याचं भांडण झालं.

तो सान इसिद्रो अजून त्या जहाजावर, कंट्रोल रूमच्या शेल्फवर असायला हरकत नाही. जहाज विकलं गेलं, नाव बदललं, पुढचं ठाऊक नाही.

वसई, सध्या मस्कत

मी नर्स आहे. आमच्या वसईच्या ख्रिस्ती गावात नोव्हेना, बँड, संताची मिरवणूक हे सगळं असल्यामुळे मला फिलिपिनो मैत्रिणींचं फार नवल वाटलं नाही. उलट त्यांनाच वाटलं. त्यांना खरंच वाटेना की हिंदुस्तानात कॅथलिक असतात आणि ते मराठी बोलतात. मग मी त्यांना आमचे संत गोन्सालो गार्सिया सांगितले. वसईत जन्मले, मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन झाले, तिथूनच १५९३ साली जपानला गेले आणि १५९७ साली नागासाकीला हुतात्मे झाले. तेव्हापासून मी त्यांच्यात अर्धी मनिलाची.

माझी रूममेट बिकोलची. तिच्या वाडीचा संत सान आंतोनियो, १३ जून. तिच्या फिएस्ताची तयारी मार्चमध्ये सुरू होते, कारण बालिकबायान बॉक्स, म्हणजे घरी पाठवायचा भेटवस्तूंचा खोका, समुद्रमार्गे जातो आणि दीड-दोन महिने घेतो. तो भला मोठा खोका आमच्या दोघींच्या पलंगांच्या मधे महिनाभर उघडा पडलेला असतो. ऑफर लागली की त्यात भर. कॉर्न्ड बीफचे डबे, चॉकलेटं, साबण, टॉवेल, लोशन, पुतण्यांचे बूट. बुटांच्या आत मोजे, मोज्यांच्या आत चॉकलेटं. हवा जायला जागा ठेवत नाही. शेवटी मला खोक्यावर बसवते आणि टेप मारते.

एका वर्षी ती गावची एर्माना मायोर झाली, म्हणजे त्या सालच्या उत्सवाची मुख्य यजमानीण. बँडचं बिल, फुलं, फादरांचं जेवण, सगळं तिच्यावर. गेली नाही, हॉस्पिटलने रजा दिली नाही. मान तिचा होता म्हणून मिरवणुकीत तिच्या जागी तिची आई चालली, मुलीचं नाव लिहिलेला रेशमी पट्टा खांद्यावरून घालून. आम्ही दोघी नाइट ड्यूटीहून येऊन व्हिडिओ कॉलवर बघत होतो. भाऊ फोन हातात घेऊन घरभर फिरत होता. हे बघ टेबल, हे बघ लेचॉन (अख्खं भाजलेलं डुक्कर), ही बघ तुझी शाळेतली मैत्रीण. मैत्रीण तोंडात घास असल्यामुळे नुसती हात हलवत होती. मग कोणीतरी फोन टेबलावर ठेवला आणि विसरलं. बराच वेळ आम्हाला नुसतं छप्पर आणि पंखा दिसत होता आणि आवाज येत होते. मी म्हटलं, कट कर, झोपू या. ती म्हणाली, नको, राहू दे.

त्या दिवशी संध्याकाळी रुवीच्या चर्चमध्ये गेलो. सान आंतोनियो आमच्याकडेही लाडका, त्यामुळे माझीही मेणबत्ती झाली.

यवतमाळ, दावाओला एमडीचा विद्यार्थी

लय भारी धागा. माझा अनुभव थोडा येगळा आहे.

आमची घरमालकीण, तिला सगळे तिता म्हणतात, ती दावाओ देल नोर्तेच्या केळीच्या बागांमधल्या एका गावची. तिनं फिएस्ताला बोलावलं. मी मित्राची मोटारसायकल घेऊन एकटाच निघालो. गावात शिरलो तर पोरं घरात पळाली, एक आजीबाई दार ओढून घ्यायला लागल्या. मले काही समजेना भाऊ! नंतर तितानं सांगितलं. इकडं भारतीय माणसाला सरसकट 'बुंबाय' म्हणतात, आणि गावोगाव मोटारसायकलवर फिरणारा बुंबाय म्हणजे पंजाबकडचा सावकार. फाइव्ह-सिक्स त्याचा धंदा, पाच घ्या, सहा परत करा. शिवाय लहान पोरांना झोपवायला आया सांगतात, गप बस नाहीतर बुंबाय पोत्यात घालून नेईल. आणि मी मोटारसायकलवर, हेल्मेट घालून, पाठीवर मोठी बॅग. फिएस्ताच्या दिवशी वसुलीला आला असंच सगळ्यांना वाटलं.

तितानं चौकात उभी राहून ओरडून सांगितलं की हा डॉक्टर होणार आहे, पैसे मागायला नाही, जेवायला आलाय. त्यावर पहिलं कोणी हसलं असेल तर त्या आजीबाई. मग त्यांच्याकडं जेवावं लागलं. मग शेजारी. मग त्यांच्या शेजारी. इथं एक नियम शिकलो : पहिल्या घरी पोटभर खायचं नाही. पाच घरं बाकी असतात आणि प्रत्येक घरी तोच पनसित, तेच लुम्पियाचे तळलेले रोल, तोच लेचे फ्लान म्हणजे कॅरॅमल कस्टर्ड, आणि प्रत्येकीला विचारायचं असतं की माझा चांगला की तिचा.

रात्री पेर्यात, म्हणजे फिएस्ताच्या मेळ्यात, गेलो. कलर गेम नावाचा प्रकार असतो, सहा रंगांचा पट, आपल्या रंगावर नाणं ठेवायचं, दोरी ओढली की रंगीत फासे घरंगळतात. तितानं दिलेले पन्नास पेसो गेले. त्यानंतर बास्केटबॉल कोर्टावर डिस्को. कोर्ट प्रत्येक गावात असतंच, देऊळ आणि कोर्ट. बुदोत्स म्हणजे दावाओचंच नाचायचं संगीत, ते लागलं की आजीपासून नातवापर्यंत सगळे गुडघे वाकवून नाचतात. मीही नाचलो. व्हिडिओ आहे, इथं टाकणार नाही.

खर्च? तिताचा नवरा केळीच्या पॅकिंग प्लांटमध्ये, पोरगा दुबईला. पोराचे पैसे.

नाशिक. बायको बोलते आहे, मी टंकतो आहे

बायको लेयते बेटावरची, वाराय बोलणाऱ्या मुलखातली. सिंगापूरला भेटलो. मराठी समजतं, लिहायला कंटाळा.

त्यांच्या वाडीचा संत सान रोके, १६ ऑगस्ट. साथीच्या रोगांपासून वाचवणारा, पायाशी कुत्रा. ती म्हणते, फिएस्ता जानेवारीत सुरू होतो, कारण तेव्हा बाबा डुकराचं पिल्लू विकत आणतात. आठ महिने त्याला तांदळाचा कोंडा, केळीच्या खोडाचे तुकडे, घरातलं उरलेलं. पोरांनी त्याला नाव ठेवायचं नाही, हा लोलाचा, म्हणजे आजीचा कायदा. नाव ठेवलं की ऑगस्टमध्ये रडारड. पोरं चोरून ठेवायचीच.

बिस्पेरासच्या दिवशी गावातली ताटं गोळा व्हायची. एका घरात शंभर माणूस जेवणार, ताटं कुठे तेवढी? मग ज्यांचा दुसऱ्या संताचा फिएस्ता दुसऱ्या महिन्यात आहे अशा शेजारवाडीतून आणायची. परत करताना घोळ नको म्हणून प्रत्येक घराची खूण ताटाच्या पाठीवर नेलपॉलिशने. त्यांच्या घराची खूण म्हणजे दोन लाल ठिपके. लोला गेल्यावर आवरताना अशी ताटं निघाली की ज्यांची खूण गावात कोणालाच ओळखू येईना. कोणत्या साली कोणाकडून आणली होती देव जाणे.

पहाटे पुरुषमंडळी डुकराच्या पोटात गवती चहाच्या जुड्या भरून ते बांबूवर फिरवत बसायची, हातात तुबा, म्हणजे नारळाची लाल ताडी. बायका केळीच्या पानात मोरोन वळायच्या, चॉकलेट घातलेला लांबट सुमान. बिनागोल मात्र दागामीहून विकत आणायचं, करवंटीत भरलेलं गोड असतं ते, आणि दागामीवाल्यांसारखं आपल्याला येत नाही हे त्यांच्या आईला मान्य होतं. दुसरं काही मान्य केलेलं तिला आठवत नाही. संध्याकाळी कुरात्सा नाच. जोडपं नाचतं आणि बघणारे त्यांच्यावर नोटा उधळतात, त्या गोळा करून चॅपेलच्या कामाला. तिचे आईबाबा दरवर्षी नाचायचे आणि दरवर्षी आधी भांडायचे.

८ नोव्हेंबर २०१३ ला योलांदा वादळ आलं. बाकीचं जग त्याला हैयान म्हणतं. कोट्यवधी नारळाची झाडं आडवी झाली. चॅपेलचं छप्पर गेलं, घराच्या दोन भिंती राहिल्या. ती तेव्हा सिंगापूरला. पुढच्या ऑगस्टला तिने हट्टाने पैसे पाठवले, फिएस्ता झालाच पाहिजे, डुक्कर आणाच. बाबा फोनवर म्हणाले, आणलं. मोठं होतं का? मोठं होतं. कातडी कुरकुरीत झाली? एकदम. नंतर चुलत बहिणीने फोटो टाकले. टेबलावर मदतीत आलेला भात, सार्डिनचे डबे, पाकिटातले नूडल्स, आणि मागे चॅपेलवर नवे कोरे पत्रे. ती इथे थांबली आणि म्हणाली, लिही, की मी बाबांना अजून सांगितलेलं नाही की मला माहीत आहे.

पुढे २०१९ मध्ये डुकरांचा आफ्रिकन स्वाइन फीव्हर देशात आला आणि नंतर लेयतेपर्यंत पोचला. आता परसात डुक्कर पाळायला लोक घाबरतात. लेचॉन परवडत नाही, कोंबड्यांवर भागतं.

आता माझं थोडं. नाशिकला पहिल्या वर्षी तिने १६ ऑगस्टला चिकन आदोबो, पनसित, भरपूर भात केला आणि फ्लॅटचं दार सताड उघडं ठेवलं. कोणी येईना. आपल्याकडे आमंत्रणाशिवाय कोण येणार? शेवटी वॉचमन आला, दार उघडं का राहिलंय बघायला. त्याला बसवलं. मग त्याने लिफ्टवाल्याला बोलावलं, लिफ्टवाल्याने समोरच्या बांधकामावरच्या तिघांना. पुढच्या वर्षीपासून माझी आईच मजल्यामजल्यावर सांगत जाते. बायका विचारतात, कशाबद्दल? आई सांगते, सुनेच्या गावाचा देव आहे.

मनिलात नोकरीनिमित्त काही वर्षं

सगळे गोड लिहितायत म्हणून दुसरी बाजू. आमचा ऑफिसचा ड्रायव्हर बुलाकानच्या एका गावचा. त्याचा भाऊ परदेशात नव्हता, पैसे पाठवणारं कोणी नाही. तरी फिएस्ता करायचाच. का? कारण मागच्या वर्षी तो सगळ्यांच्या घरी जेवला होता. त्याने वरच्या यवतमाळच्या भावाने लिहिलेल्या त्याच फाइव्ह-सिक्सवर कर्ज काढलं. दर आठवड्याला वसुलीवाला आमच्या पार्किंगमध्ये यायचा. दिवाळीपर्यंत फेडत होता, आणि फिटलं की पुढच्या फिएस्ताची चिंता. गावात इग्लेसिया नी क्रिस्तो या वेगळ्या ख्रिस्ती पंथाचे लोक असतात, ते संतांचे सण पाळत नाहीत, त्या दिवशी फाटक लावून घरात बसतात. ड्रायव्हर एकदा मला म्हणाला, त्यांचा मला हेवा वाटतो. त्यात कोंबड्यांच्या झुंजी, त्यावरचा जुगार, पहाटे तीनपर्यंत व्हिडिओके, म्हणजे कराओके. ज्यांना दुरून आठवण येते त्यांना येवो, पण गावात राहून तो करणाऱ्यालाही कोणीतरी विचारा.

धागाकर्ती

याच मुद्द्यासाठी मी खर्चाचं विचारलं होतं. आमच्या ऑफिसातल्या एकीने यंदा रजा मिळत असूनही घेतली नाही. म्हणाली, तिकिटाच्या पैशात घरी दोन फिएस्ता होतात.

नाशिककर वहिनी, ड्रायव्हरच्या मुद्द्यावर काही म्हणायचंय का?

नाशिक

म्हणायचंय. (टंकन पुन्हा माझंच.)

"कर्ज होतं हे खरंच आहे. आमच्या शेजाऱ्यांनी म्हैस विकली होती, ती आम्ही परत कधी पाहिली नाही. बाबांनीही एकदा घेतलं होतं, आई महिनाभर बोलत नव्हती. पण त्या ड्रायव्हरदादांना विचारा की ज्या वर्षी त्यांनी जेवण केलं नाही, त्या वर्षी ते दुसऱ्यांकडे जेवायला गेले का. मला वाटतं गेले असतील, आणि कोणी काही बोललं नसेल. आमच्याकडे योलांदानंतरच्या वर्षी अर्ध्या गावाकडे काहीच नव्हतं, तरी सगळे सगळ्यांकडे गेले, सार्डिन खाल्ले. लाज आपली आपल्यालाच वाटते, गाव देत नाही. आणि नाशिकला माझ्या नणंदेच्या लग्नात मांडवाचं, बँडचं, साड्यांचं कर्ज कोणी काढलं होतं, ते माझ्या नवऱ्याला लिहायला सांगा. तो हे वाक्य गाळणार आहे."

गाळलं नाही. हप्ता अजून चालू आहे.